घराच्या छपराचा विमा आणि नुकसानभरपाईची मागणी

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी आगोटीची बेगमी करावयाची आणि घराची शाकारणी उरकून घ्यावयाची, ही कोकणातील शेतकऱ्याची पूर्वापार रीत आहे. कौले उतरवून झाडावयाची, फुटकी बदलावयाची, किडलेली रीप काढून नवी ठोकावयाची आणि मग निश्चिंत मनाने पेरणीकडे वळावयाचे, असा हा क्रम आहे. परंतु ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले तेव्हा मृगाला अद्याप चार दिवस अवकाश होता. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्यापुढे नुकतीच शाकारलेली घरेही टिकली नाहीत. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, दापोली, मंडणगड या भागांत नारळी-पोफळीच्या बागांबरोबर हजारो घरांची छपरे गेली. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ वादळ किनाऱ्याला समांतर वर सरकत गेले आणि त्यानेही अनेक घरांवरचे पत्रे उडविले.

पिकाचा विमा आता आपल्या शेतकऱ्यांच्या परिचयाचा झाला आहे. घराचा विमा मात्र अजून परका वाटतो. ज्यांनी तो उतरविला आहे त्यांनाही भरपाई कशी मागावयाची हे पुष्कळदा ठाऊक नसते. या अज्ञानाची किंमत किती पडते हे प्रस्तुत लेखकाने स्वतः पाहिले आहे. म्हणून हा विषय ग्रामपातळीवरील कार्यकर्ते व शेतकरी बंधू यांच्यापुढे सविस्तर मांडीत आहे.

एक अनुभव

निसर्ग वादळानंतर बागांच्या पंचनाम्यांसाठी आम्ही गावोगाव फिरत होतो. एका गावी एक शेतकरी भेटले. त्यांच्या घराचे पश्चिमेकडील पाखे वादळात संपूर्ण उघडे पडले होते. मनुष्य मोठा उद्योगी. सरकारची किंवा कोणाचीही वाट न पाहता त्यांनी चौथ्या दिवशी सुतार आणला, मोडलेले वासे चुलीत घातले, फुटक्या कौलांचा चुरा पाणंदीच्या खड्ड्यात टाकला आणि पाऊस जोर धरण्याच्या आत घर शाकारून घेतले. त्यांच्या या तत्परतेचे आम्ही कौतुकच केले.

पुढे काही दिवसांनी त्यांच्या मुलाने ट्रंकेतील कागद चाळले, तेव्हा घराच्या कर्जाबरोबर बँकेने घराचा विमाही उतरविला असल्याचे आढळले. कंपनीला कळविण्यात आले. सर्व्हेअर आले. त्यांना दिसले ते धडधाकट छप्पर! किती कौले फुटली, किती वासे मोडले, मजुरी किती लागली, यांपैकी कशाचाही पुरावा नव्हता. छायाचित्र नव्हते, सुताराची पावती नव्हती, मोडतोडही शिल्लक नव्हती. खर्चाच्या मानाने अगदीच किरकोळ रक्कम त्यांच्या हाती पडली. त्या गृहस्थांनी मला विचारले, “साहेब, घर उघडे टाकून बसलो असतो तर पैसे मिळाले असते काय?” त्या दिवशी माझ्यापाशी नीट उत्तर नव्हते. उत्तर असे की, घर उघडे टाकावयाचे नव्हते आणि पुरावाही टाकून द्यावयाचा नव्हता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधता येतात. त्या कशा, तेच पुढे सांगितले आहे.

विमा कोणता व कशाचा

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पीकविमा हा पिकाचाच असतो. भाताचा हप्ता भरला म्हणून घराची कौले त्यात येत नाहीत. घरासाठी निराळे विमापत्र घ्यावे लागते.

भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाचे एकाच नमुन्याचे विमापत्र अमलात आणले. आग, वीज, भूकंप, वादळ, चक्रीवादळ, पूर, भूस्खलन, घरावर झाड किंवा अन्य बाहेरची वस्तू आदळणे, पाण्याची टाकी फुटणे, दंगल इत्यादी कारणांनी झालेले नुकसान त्यात येते. अशा घटनेनंतर घर उघडे पडले असता सात दिवसांच्या आत त्या कारणाने चोरी झाली, तर तिचाही समावेश आहे.

घर म्हणजे केवळ चार भिंती व छप्पर नव्हे. पडवी, कुंपणाची भिंत, फाटक, बायोगॅस संयंत्र, पाण्याची पक्की टाकी, छपरावरील सौर तावदाने यांचाही त्यात अंतर्भाव होतो. परंतु हे विमापत्र राहत्या घरासाठी आहे. गुरांचा गोठा, भाताचे कोठार किंवा अवजारांची खोपी त्यात आपोआप धरली जाते असे समजू नये. त्यांच्याविषयी कंपनीला स्पष्ट विचारावे आणि आवश्यक तर वेगळा विमा घ्यावा.

विमा उतरवितानाच घ्यावयाची काळजी

भरपाईच्या मागणीचा निम्मा निकाल विमा उतरविण्याच्या दिवशीच लागलेला असतो. सबब पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

१. रक्कम योग्य असावी. विम्याची रक्कम ठरविताना जागेची किंवा बाजारातील किंमत धरावयाची नसते. तेच घर पुन्हा बांधण्यास जो खर्च येईल तो धरावयाचा असतो. समजा, घराचे आतील क्षेत्र ६० चौरस मीटर आहे आणि बांधकामाचा खर्च दर चौरस मीटरला २०,००० रुपये येतो. तर विम्याची रक्कम १२ लाख रुपये होते. भारत गृह रक्षा विमापत्रात घरातील सामानाचा विमा इमारतीच्या रकमेच्या २० टक्के इतका, परंतु जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत, आपोआप मिळतो. वरील उदाहरणात तो २ लाख ४० हजार रुपये होईल.

इतर काही विमापत्रांत अपुऱ्या विम्याची अट असते. १० लाखांच्या घराचा विमा ५ लाखांचाच उतरविला, तर ४०,००० रुपयांच्या नुकसानीपोटी २०,००० रुपयेच मिळतात, कारण निम्म्या घराचाच विमा उतरविला असे धरले जाते. भारत गृह रक्षा विमापत्रात ही वजावट करीत नाहीत. तरीही रक्कम मुद्दाम कमी लिहू नये, कारण घर समूळ पडल्यास मिळणारी भरपाई विम्याच्या रकमेपलीकडे जात नाही.

२. बांधकामाचे खरे वर्णन द्यावे. गवत, झावळ्या, बांबू, लाकडी फळ्या, ताडपत्री यांच्या भिंती वा छप्पर असल्यास विमा कंपन्या ते कच्चे बांधकाम समजतात. मुख्य घर कौलारू आणि मागील पडवी झावळ्यांची असेल तर तसेच लिहावे. घरातील दोन खोल्या पर्यटकांना भाड्याने देत असल्यास तेही लपवू नये. खोटे वर्णन संकटाच्या वेळी विमेदाराच्याच अंगावर उलटते.

३. नाव तपासावे. आपल्याकडे पुष्कळ घरे अद्याप आजोबांच्या नावावर आहेत, राहतो धाकटा भाऊ, आणि घरपट्टी भरतो मुंबईचा थोरला. घराशी ज्याचा हितसंबंध आहे त्यालाच विम्याची भरपाई मागता येते. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा काढून पाहावा आणि वारसनोंद राहिली असल्यास ती शांततेच्या काळातच करून घ्यावी. सामाईक घर असल्यास सर्व भावांची संमती लेखी घेऊन ठेवावी.

४. कर्ज व कुलूप. घरावर कर्ज असेल तर विमा आहे किंवा नाही हे बँकेत जाऊन विचारावे आणि विमापत्राची प्रत मागून घ्यावी. अशा विम्याची भरपाई प्रथम बँकेच्या कर्जखात्याकडे जाऊ शकते, हेही लक्षात असावे. घर गणपती व शिमगा सोडून वर्षभर बंद राहत असेल तर तसे कंपनीला लेखी कळवावे, कारण बंद घराविषयी वेगळी अट असू शकते.

वादळ की जुनी गळती?

छपराच्या मागणीत सर्वांत अधिक वाद याच प्रश्नावर होतो. विमा हा आकस्मिक संकटाचा असतो. वर्षानुवर्षांच्या झिजेची जबाबदारी तो घेत नाही. वाऱ्याने कौले उडाली आणि त्या उघड्या भागातून पाऊस येऊन माजघरातील भिंत फुगली, तर छप्पर व भिंत या दोहोंचे मूळ वादळात आहे. याउलट कौले जागच्या जागी आहेत, परंतु शाकारणी तीन वर्षे झाली नाही म्हणून पाणी झिरपते, तर ती गळती होय. तिची भरपाई मिळत नाही.

अनुभवी सर्व्हेअरला हा भेद चटकन कळतो. वाऱ्याने मोडलेल्या वाशाचा भंग ताजा, तंतुमय व आतून स्वच्छ रंगाचा असतो. वाळवीने पोखरलेला वासा मोडतो तेव्हा आतून माती व भुसा पडतो. जुन्या गळतीचे डाग भिंतीवर कडांशी तपकिरी व थरावर थर असे दिसतात. पत्र्याच्या छपराला हुकांच्या भोवती गंज चढून भोके मोठी झाली असतील तर तेही दिसल्यावाचून राहत नाही. म्हणून जे जुने आहे ते जुने म्हणूनच सांगावे. वानरांनी फोडलेल्या कौलांचा हिशेब वादळाच्या हिशेबात मिसळू नये. एक खोटी बाब सापडली की नऊ खऱ्या बाबींवरचा विश्वास उडतो.

यासाठी एक सोपा उपाय सुचवावासा वाटतो. दरवर्षी शाकारणी पुरी झाली की घराची चार बाजूंनी व आतून वाशांची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि सुताराची व कौलांची पावती त्यांच्याबरोबर जपावी. छप्पर वादळापूर्वी सुस्थितीत होते, हे सिद्ध करणारा याहून चांगला पुरावा नाही. आज भ्रमणध्वनी घरोघरी असल्याने यास वेगळा खर्चही नाही.

पहिल्या दोन दिवसांत काय करावे

वादळ शमल्यावर प्रथम माणसे व गुरे यांची सुरक्षितता पाहावी. विजेची तार तुटून छपरावर वा ओल्या भिंतीवर पडली असेल तर वीज कंपनीचे कर्मचारी येईपर्यंत तेथे कोणीही जाऊ नये. त्यानंतर पुढील क्रमाने काम करावे.

प्रथम, काहीही हलविण्यापूर्वी छायाचित्रे काढावीत. एक संपूर्ण घराचे, एक प्रत्येक पाख्याचे, आणि मग जवळून मोडलेल्या प्रत्येक वाशाचे, फुटलेल्या कौलांच्या ढिगाचे, भिजलेल्या धान्याचे व सामानाचे. घरावर माड पडला असेल तर तो तोडण्यापूर्वी पडलेल्या स्थितीतच त्याचे छायाचित्र घ्यावे.

दुसरे, त्याच दिवशी विमा कंपनीला कळवावे. दूरध्वनीवर कळविले तरी मागाहून लेखी कळवावे आणि कंपनीने दिलेला मागणी क्रमांक लिहून ठेवावा. दळणवळण बंद असेल तर ज्या दिवशी ते सुरू होईल त्या दिवशी कळवावे आणि उशिराचे कारण पत्रात नमूद करावे.

तिसरे, नुकसान वाढू देऊ नये. ताडपत्री घालावी, पाणी बाहेर काढावे, धान्य कोरड्या जागी हलवावे. विमा नसता तर आपण जी काळजी घेतली असती तीच विमा असतानाही घेतली पाहिजे. ताडपत्रीची व मजुरीची पावती मात्र ठेवावी.

चौथे, मोडतोड टाकू नये. फुटकी कौले, वाकलेले पत्रे, मोडलेले वासे अंगणाच्या एका कोपऱ्यात रचून ठेवावेत. कायमची दुरुस्ती सर्व्हेअरच्या पाहणीनंतर करावी. पाऊस थांबू देत नसेल तर कंपनीला तसे लेखी कळवून, मोजमापे घेऊन व दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन दुरुस्ती सुरू करावी.

मागणीचा हिशेब

“घराचे खूप नुकसान झाले” असे लिहून चालत नाही. सुताराकडून बाबवार अंदाजपत्रक घ्यावे. नमुन्यादाखल पुढील हिशेब पाहावा. यांतील दर केवळ उदाहरणासाठी धरले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे दर घालावेत.

मंगलोरी कौले ३८० नग, दर ४० रुपये: १५,२०० रुपये.
कोने १२ नग, दर ८० रुपये: ९६० रुपये.
रीप १२० मीटर, दर ६० रुपये: ७,२०० रुपये.
वासे ४ नग, दर १,५०० रुपये: ६,००० रुपये.
सुतार व मजूर ८ रोज, दर ९०० रुपये: ७,२०० रुपये.
वाहतूक: २,००० रुपये.
एकूण: ३८,५६० रुपये.

आता चार वाशांपैकी एक पूर्वीच वाळवीने खाल्लेला असेल, तर त्याचे १,५०० रुपये आपणच वगळावेत. बाकी ३७,०६० रुपये राहतात. भारत गृह रक्षा विमापत्रात ढिगारा हलविण्याचा खर्च मागणीच्या २ टक्क्यांपर्यंत मिळू शकतो. वरील उदाहरणात तो सुमारे ७४० रुपये होईल. न फुटलेली कौले पुन्हा वापरावयाची असल्याने ती मोजून वेगळी ठेवावीत व हिशेबात धरू नयेत. इतर विमापत्रांत घसारा किंवा ठराविक वजावट असू शकते. ती विमापत्रात आधीच वाचून घ्यावी, म्हणजे मागाहून मनस्ताप होत नाही.

अर्जासोबत विमापत्राची प्रत, छायाचित्रे, पंचनाम्याची प्रत, अंदाजपत्रक, पावत्या, नमुना ८ चा उतारा व बँक पुस्तिकेची प्रत जोडावी. दिलेल्या प्रत्येक कागदाची एक प्रत व पोच आपल्याजवळ ठेवावी.

सर्व्हेअर आल्यावर

सर्व्हेअर हा परवानाधारक तज्ज्ञ असतो. तो पाहणीस येईल तेव्हा विमेदाराने स्वतः हजर राहावे व शक्य तर सुतारालाही बोलवावे. ढीग दाखवावा, मोजमापे समक्ष घ्यावीत आणि कोणत्या बाबी लिहून घेतल्या ते आपल्या वहीत टिपून ठेवावे. कोऱ्या कागदावर सही करू नये. “पूर्ण व अंतिम समाधान” अशा अर्थाच्या पावतीवर सही करण्यापूर्वी रक्कम मान्य आहे काय याचा विचार करावा. पाहणी अहवालाची प्रत विमेदाराला मागता येते. ती अवश्य मागावी.

मागणी नाकारल्यास

नकार आला म्हणून हताश होऊ नये. नकाराचे कारण लेखी मागावे व विमापत्रातील कोणत्या अटीवर बोट ठेवले आहे ते पाहावे. प्रथम कंपनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. एक महिन्यात उत्तर न आल्यास, किंवा आलेल्या उत्तराने समाधान न झाल्यास, विमा लोकपालाकडे जाता येते. आपल्या राज्यात मुंबई व पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत. तक्रारीस शुल्क नाही व वकीलही लागत नाही. ५० लाख रुपयांपर्यंतच्या मागण्या त्यांच्यापुढे चालतात. कंपनीचा अंतिम नकार आल्यापासून एक वर्षाच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे, ही मुदत मात्र चुकवू नये. याशिवाय ग्राहक आयोगाचा मार्गही मोकळा आहे.

सरकारी मदत हा निराळा मार्ग

नैसर्गिक आपत्तीनंतर शासन जी मदत देते ती विम्याहून स्वतंत्र आहे. २०२२-२३ ते २०२५-२६ या कालावधीच्या आपत्ती निवारण निकषांनुसार, किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घरास ६,५०० रुपये, कच्च्या घरास ४,००० रुपये व घराला जोडलेल्या गोठ्यास ३,००० रुपये अशी तरतूद होती. संपूर्ण पडलेल्या घरास सपाट प्रदेशात १ लाख २० हजार व डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये होते. ही मदत तातडीच्या आधारासाठी असते. वरील उदाहरणातील ३८,५६० रुपयांच्या खर्चाशी ६,५०० रुपयांची तुलना केली असता विम्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. पंचनामा झाला म्हणजे विम्याचा अर्ज झाला असे नव्हे, आणि विमा कंपनीला कळविले म्हणजे पंचनामा झाला असेही नव्हे. दोन्हीकडे स्वतंत्रपणे कळवावे लागते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

या कामी गावातील कार्यकर्त्यांचा मोठा हातभार लागू शकतो. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, यांनी पंचनाम्यात “घराचे अंशतः नुकसान” एवढेच न लिहिता कोणते पाखे, किती कौले, किती वासे व कशामुळे, हे लिहावे. त्या दोन ओळींवर एखाद्या कुटुंबाची मागणी उभी राहते किंवा पडते. महसूल मंडळात स्वयंचलित हवामान केंद्र असल्यास त्या दिवसाच्या वाऱ्याची व पावसाची नोंद मिळवून ग्रामपंचायतीत लावावी. एप्रिल-मे महिन्यांतील ग्रामसभेत घरांच्या विम्याची चौकशी करावी, वारसनोंदींची आठवण द्यावी आणि ज्यांच्या घरावर कर्ज आहे त्यांना बँकेतून विमापत्राची प्रत आणावयास सांगावे.

आरंभी उल्लेखिलेल्या शेतकरी गृहस्थांची पुन्हा गाठ पडली तेव्हा त्यांनी मला आपल्या ओटीवरील एक पत्र्याचा डबा उघडून दाखविला. त्यात विमापत्र, नमुना ८ चा उतारा, शाकारणीची पावती आणि घराची छायाचित्रे नीट गुंडाळून ठेवली होती. “आता दरवर्षी कौले चाळली की डबाही चाळतो,” ते म्हणाले. वादळ कधी येईल हे आपल्या हाती नाही. परंतु असा एक डबा प्रत्येक घरात असावा, एवढे तर खचित आपल्या हाती आहे. यंदाच्या आगोटीत मीठ-मसाल्याबरोबर या कागदांचीही बेगमी प्रत्येकाने करावी.